घरभेटीची निविदा काढणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
सार्वजनिक आरोग्य विभाग आणि सामाजिक न्याय विभागाचे सचिव,
तसेच कोकणातील जिल्हा परिषदांचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका लहान संस्थेत काम करते. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जायचं, पाठीच्या जखमा धुवायच्या, लघवीची नळी बदलायची, बीपी-शुगरच्या गोळ्या संपल्यात का ते बघायचं, घरात जे कोणी असेल त्याला कूस कशी बदलायची ते शिकवायचं, असं आमचं काम. घरात कोणीच नसेल तर शेजारणीला शिकवायचं. पुष्कळदा शेजारीणही सत्तरीच्या पुढची असते.

अशी कामं स्वयंसेवी संस्थांकडे सोपवण्याची चर्चा बैठकांमध्ये अधूनमधून होते. ती व्हायला हवी, असं मला मनापासून वाटतं. पण कशा तऱ्हेनं सोपवायची, यावर फारसं कोणी बोलत नाही, आणि सगळं घोडं तिथेच अडतं. म्हणून हे पत्र. ते जाहीरपणे लिहिते आहे, कारण अशा लहान संस्था राज्यभर आहेत आणि त्यांनाही यात भर घालता यावी.

आधी आमच्या मुलखाविषयी. 2001 ते 2011 या दहा वर्षांत सगळ्या राज्याची लोकसंख्या वाढली आणि रत्नागिरी जिल्ह्याची जवळपास 82 हजारांनी घटली. सिंधुदुर्गाचीही घटली. त्याच जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे 1100 हून जास्त बायका निघाल्या. आकडे वाचणाऱ्याला ही चांगली बातमी वाटेल. आम्हाला माहीत आहे की पुरुष आणि तरुण पोरं मुंबईला, ठाण्याला, वसई-विरारला, पुण्याला गेलेली आहेत आणि मागे राहिलेल्यांत बायका आणि म्हातारी माणसं जास्त आहेत. गावाला पैसे येतात. गणपतीत आणि शिमग्याला घर भरतं. बाकीचे दहा-साडेदहा महिने त्याच घरात एक सासू असते, किंवा दोघं नवरा-बायको, आणि त्यातलं एक अंथरुणावर.

आता गावाची रचना बघा. देशावरच्या गावासारखं आमचं गाव एका जागी वसलेलं नसतं. एका महसुली गावात दहा-बारा वाड्या. एक खाली नदीकाठी, एक वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळी पठारावर, मध्ये पाखाडी, म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट, आणि ओढ्यावरचा साकव. कागदावर दोन वाड्यांमधलं अंतर एक किलोमीटर असतं, पण पावसाळ्यात पिशवी घेऊन चढायला पाऊण तास लागतो. आशाताई असतात. त्या घरोघर जाऊन सीबॅकचा, म्हणजे माणसांच्या तब्येतीची प्राथमिक माहिती नोंदवण्याचा, फॉर्म भरतात आणि अंथरुणावर कोण आहे ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण त्या माहितीचं पुढे काय करायचं, हे त्यांच्या हातात नाही. आयुष्मान आरोग्य मंदिराच्या, म्हणजे गावपातळीवरच्या सरकारी आरोग्य केंद्राच्या, 12 सेवांमध्ये वृद्धांची आणि परिहार सेवा, म्हणजे दुखणं बरं होणार नसलं तरी ते सुसह्य करणारी सेवा, लिहिलेली आहे. लिहिलेली आहे आणि ती घरापर्यंत पोहोचत नाही, या दोन गोष्टींच्या मधल्या जागेत आमच्यासारख्या संस्था उभ्या आहेत.

काही वर्षांपूर्वी आम्हाला या कामाचा एक करार मिळाला. निधी देणारी यंत्रणा कोण होती ते सांगत नाही. तक्रार त्यांच्याविरुद्ध नाही. तिथली माणसं सज्जन होती आणि आमच्याइतकीच नियमांत अडकलेली होती. तक्रार त्या कराराच्या साच्याविषयी आहे, आणि तो साचा मी नंतर इतरांच्या करारांतही पाहिला.

करार 11 महिन्यांचा होता. पहिला हप्ता पाचव्या महिन्यात आला. तोवर नर्सचा पगार, पेट्रोल, ड्रेसिंगचं सामान हे सगळं कुठून आलं? पतपेढीतून. आमच्या सचिवांनी आणि मी दागिने ठेवून पैसे उचलले. त्यात मोठेपणा नव्हता, दुसरा मार्ग नव्हता. घरभेटी सुरू करून मध्येच थांबायचं नसतं, एवढंच आम्हाला कळत होतं. शेवटचा हप्ता उपयोगिता प्रमाणपत्र दिल्यावर मिळणार होता. म्हणजे आधी आम्ही खर्च करायचा, त्याचा हिशेब द्यायचा, मग पैसे. मोठ्या ठेकेदाराला हे जमतं, त्याच्यामागे बँक असते. ज्या संस्थेची सगळी मालमत्ता म्हणजे एक दुचाकी, दोन कपाटं आणि माणसांचा विश्वास, तिनं हे कसं करायचं?

मोबदला भेटीच्या संख्येवर होता. नर्सनं दिवसाला आठ घरं करायची. डांबरी रस्त्यालगतची वाडी असेल तर आठ काय, दहाही होतात. बीपी मोजलं, सही घेतली, पुढचं घर. पण वरच्या वाडीतल्या एका आजींच्या कमरेवरची जखम हाडापर्यंत गेली होती. तिथे चढून जायचं, पाणी गरम करायचं, जखम धुवायची, कुजलेला भाग काढायचा, पट्टी बांधायची, अंथरूण बदलायचं आणि मग त्यांच्याशी चार शब्द बोलायचे, यात अख्खी सकाळ जाई. अहवालात त्याची नोंद 1 अशी व्हायची. महिनाअखेरीला आमची संख्या कमी भरली आणि कपात झाली. तेव्हा नर्स मला म्हणाली, ‘ताई, वरची घरं कमी केली तर आकडा जमेल.’ ती कामचुकार नव्हती. करार तिला तसं करायला सांगत होता. संख्येवर पैसे दिले की संख्या मिळते आणि सगळ्यात गरजू माणूस यादीतून गळतो. त्याला गाळायचं कोणी ठरवलेलं नसतं, तरी तो गळतो.

आणखी एक अट सांगितल्याशिवाय राहवत नाही. प्रत्येक भेटीचा जीपीएससह फोटो पाठवायचा होता. पहिली अडचण नेटवर्कची. ते सड्यावर मिळतं, खालच्या वाडीत मिळत नाही. ती अडचण आम्ही सोसली. दुसरी मात्र सोसवत नाही. जखमेवर उपचार झाल्याचा पुरावा म्हणून जखमेचा फोटो हवा होता. पंच्याऐंशीच्या म्हातारीला कुशीवर वळवून, लुगडं बाजूला करून फोटो काढायचा आणि अनोळखी माणसांच्या गटावर पाठवायचा! आम्ही नकार दिला. आमच्या रजिस्टरवर शेजारच्या बाईची सही आणि आशाताईची सही घेऊ लागलो. त्यावरून बराच पत्रव्यवहार झाला आणि अखेर ते मान्य झालं. पण ही अट लिहिणाऱ्यानं लिहिण्याआधी एका तरी नर्सला विचारलं असतं, तर ती कागदावर आलीच नसती.

11 महिने संपले. मुदतवाढीचा आदेश येणार असं सांगत होते, पण तो आला नाही. पुढच्या वर्षी नवी निविदा निघाली आणि काम सर्वांत कमी दर भरणाऱ्याला गेलं. त्यांचा दर आमच्यापेक्षा बराच कमी होता. त्यांनी वाईट काम केलं असं मी म्हणणार नाही. पण त्यांना वाड्या ठाऊक नव्हत्या, माणसं ठाऊक नव्हती. त्यांना आमची यादी देऊन आम्ही एकेका घरी ओळख करून द्यायला गेलो. एका घरात आजींनी नव्या नर्सकडे पाहिलं, मग माझा हात धरून विचारलं, ‘बाय, आता तू परत कदी येशील?’ मी येईन म्हणाले. देणग्या गोळा करून, निम्म्या माणसांवर, आम्ही त्या वाडीला जात राहिलो. सगळ्या वाड्यांना जाणं शक्य नव्हतं.

माझं म्हणणं एवढंच आहे: तुम्ही आमच्याकडून जे विकत घेता ती घरभेट नाही. तेच माणूस त्याच घरी पुन्हा येणं, ही ती वस्तू आहे. म्हातारं माणूस पहिल्या भेटीत जखम दाखवत नाही, मुलगा पैसे पाठवत नाही हे तिसऱ्या भेटीतही सांगत नाही. आपण गोळ्या निम्म्याच घेतो, कारण महिनाभर पुरवायच्या असतात, हे कधीतरी सातव्या-आठव्या भेटीत निघतं. तिथून खरा उपचार सुरू होतो. दर 11 महिन्यांनी माणूस बदलणारा करार या आठव्या भेटीआधीच संपतो.

तुमच्या खात्याला हे नवीन नाही, निदान नसायला हवं. 1970 मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला गेले. तिथल्या अल्पशिक्षित, पुष्कळशा निरक्षर बायकांना त्यांनी गावाच्या आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवलं. आजची आशाताई ज्या विचारातून आली, त्यात जामखेडच्या त्या बायकांचा मोठा वाटा आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 1986 च्या सुमारास काम सुरू केलं. 39 गावांत गावातल्याच स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळाची काळजी घेण्याचा प्रयोग त्यांनी केला आणि त्याचे निष्कर्ष 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. 2011 मध्ये ती पद्धत राष्ट्रीय कार्यक्रमात आली. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी ठरलेल्या दिवशी सहा-सात वेळा जाते, ती त्याच पद्धतीनं. ही दोन्ही कामं सर्वांत कमी दराच्या निविदेतून उभी राहिली नाहीत. ती उभी राहिली कारण माणसं वर्षानुवर्षं एका जागी टिकली, चुकली, पुन्हा शिकली. सरकारनं त्यांचं फळ घेतलं याचा मला आनंदच आहे. पण आज एखाद्या तालुक्यात नवं कोणी तसं टिकू पाहत असेल, तर तुमच्या कराराच्या साच्यात त्याला जागा आहे का?

यावर ‘नियम असे आहेत’ हे उत्तर मी पुष्कळदा ऐकलं आहे. म्हणून नियमांकडेच बोट दाखवते. केंद्राच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत सल्लागार नेमताना गुणवत्ता आणि किंमत दोन्हींना गुण देऊन निवड करण्याची पद्धत आहे. अहवाल लिहिणाऱ्याची निवड करताना त्याचा अनुभव मोलाचा ठरतो. मग जखम धुणाऱ्या हातांची निवड करताना फक्त दर का बघायचा? 2007 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं स्वयंसेवी क्षेत्राविषयीचं राष्ट्रीय धोरण मंजूर केलं. त्यात सरकार आणि संस्था यांच्या सहकार्याचे तीन मार्ग सांगितले आहेत: विचारविनिमय, दीर्घ मुदतीचं सहकार्य आणि प्रकल्पांना निधी. आमच्या वाट्याला येतो तो फक्त तिसरा, तोही तुटक. पहिले दोन कुठे गेले, हे मी आदरानं विचारते आहे.

दूर जायला नको, केरळकडे बघा. कोळिकोडला 1993 मध्ये काही डॉक्टर आणि नागरिकांनी वेदनाशमनाचं काम सुरू केलं. 1999 पासून शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं आणि 2008 मध्ये राज्यानं परिहार सेवेचं धोरण जाहीर केलं. आता तिथल्या पंचायती आपल्या प्रकल्पातून नर्सला घरभेटीला पाठवतात आणि स्वयंसेवक सोबत जातात. संस्थांनी रुजवलं, सरकारनं आधार दिला, आणि आधार देताना संस्थांना बाजूला सारलं नाही. केरळचं सगळं आपल्याला जसंच्या तसं लागू पडेल असं नाही. तिथली पंचायत आपल्या ग्रामपंचायतीपेक्षा पुष्कळ मोठी असते, तिच्याकडे पैसा आणि माणसं जास्त असतात. आपल्याकडे हे तालुक्याच्या पातळीवर, पंचायत समिती आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांना धरून करावं लागेल.

आणि आपल्याकडे जे आहे ते केरळातही या रूपात नाही, ते म्हणजे गावाची मुंबईतली मंडळं. लालबाग-परळच्या खोल्यांमधून, आता विरार-दिव्यातून, एकेका वाडीचं मंडळ चालतं. वर्गणी निघते, देऊळ बांधलं जातं, साकव दुरुस्त होतो, कोणी वारलं तर रात्रीत गाडी निघते. ही स्वयंसेवी शक्ती नाही तर काय? आमच्याकडच्या दोन एअर बेडचे पैसे अशाच एका मंडळानं दिले. गावातले बचत गट आहेत, भजनी मंडळं आहेत. पण निविदेची अट असते गेल्या तीन वर्षांची अमुक लाखांची उलाढाल, लेखापरीक्षण आणि अनामत रक्कम. या अटींनी शहरातली मोठी संस्था आत येते आणि वाडी बाहेर राहते. हिशेब हवाच, मी त्याच्या बाजूनं आहे. लोकांचा पैसा आहे, त्याची पै न् पै दिसली पाहिजे. पण 3 लाखांच्या कामाला 3 कोटींच्या कामाची कागदपत्रं मागू नका. लहान कामाला लहान अनुदान, साधा अर्ज, तालुक्याला एक हिशेब तपासणारा माणूस, एवढं केलंत तरी पुष्कळ दारं उघडतील.

करार निदान तीन वर्षांचा असावा. पहिला हप्ता काम सुरू होण्याआधी द्यावा. करार थांबवायचा असेल तर तीन महिने आधी कळवावं, म्हणजे आम्हाला घरोघरी सांगता येईल आणि रुग्ण कुणाच्या तरी हाती सोपवता येतील. संयोजनाचा खर्च मान्य करावा. नर्सचा पगार मंजूर होतो आणि तिला बाहेर पाठवणारी, तिची रजा भरून काढणारी, औषधांचा हिशेब ठेवणारी बाई फुकट काम करेल असं धरलं जातं. सेवाभाव आहे म्हणून तिला घर चालवायचं नसतं का? वाडीचा चढ आणि पायवाट दरात धरावी. भेटी मोजा, पण त्याबरोबर हेही मोजा की जखम किती दिवसांत भरली, घरातल्या माणसाला कूस बदलता येऊ लागली का, वर्षभर तीच कार्यकर्ती त्या घरी गेली का. हे मोजता येतं. आमची रजिस्टरं दाखवायला आम्ही तयार आहोत.

पण पैशांच्याही वर एक गोष्ट आहे. सेवा आमच्याकडे दिली म्हणून सरकारची जबाबदारी संपत नाही. आमच्या करारात आमच्यासाठी दंडाचं कलम होतं, पण समोरच्या बाजूनं काय करायचं त्याबद्दल एक ओळही नव्हती. प्राथमिक आरोग्य केंद्रात बीपीच्या गोळ्या असणं, डॉक्टरांनी महिन्यातून एकदा तरी आमच्याबरोबर घरी येणं, कॅन्सरच्या रुग्णाला मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदना शमवणारं औषध, मिळणं, ही आमची कामं नव्हेत. मॉर्फिन उपलब्ध व्हावं म्हणून 2014 मध्ये संसदेनं कायदा बदलला. तरीही आमच्याकडचा माणूस कळा सोसत पडलेला असतो आणि त्याचा मुलगा गोळ्यांसाठी कोल्हापूर किंवा मुंबई गाठतो. आम्ही त्याचा हात धरून बसू शकतो. मॉर्फिन तुम्हालाच पोहोचवावं लागेल. म्हणून करारात दोन्ही बाजूंची कर्तव्यं लिहा. रिकामी पदं भरायला पर्याय म्हणून आम्हाला आणू नका. तसं झालं तर आशाताई, परिचारिका आणि आम्ही एकमेकींच्या विरुद्ध उभ्या राहू, आणि ते मला नको आहे.

तसंच, करार घेतला म्हणून आमचं तोंड बंद होऊ नये. याच महाराष्ट्रात 2007 पासून आरोग्य सेवांवर लोकाधारित देखरेख झाली. अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद, पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत ती सुरू झाली, आणि संस्थांनी गावकऱ्यांना घेऊन जनसुनवाया भरवल्या. लोकांनी अधिकाऱ्यांसमोर उभं राहून काय मिळतं, काय मिळत नाही ते सांगितलं. हे सरकारच्याच ग्रामीण आरोग्य अभियानाच्या चौकटीत झालं, याचा मला अभिमान वाटतो. काम करणाऱ्या संस्थेनं उणीव दाखवली तर तिचा पुढचा हप्ता अडणार नाही, असं करारात लिहून द्या. लेखी असेल तर आमच्या तरुण कार्यकर्त्या बोलतील. आता त्या माझ्या कानात सांगतात आणि बैठकीत गप्प बसतात.

एक विनंती ठोस करते. पुढच्या वर्षाच्या आराखड्याचं काम तुमच्याकडे हिवाळ्यात चालतं. त्याआधी, निविदेचा एक शब्दही लिहिण्याआधी, कोकणासाठी एक दिवसाची बैठक घ्या. ती जिल्ह्याच्या सभागृहात नको, एखाद्या प्राथमिक आरोग्य केंद्रात घ्या. नर्स, आशाताई, लहान संस्था, दोन-चार मंडळांची माणसं आणि घरातल्या म्हाताऱ्यांची काळजी घेणाऱ्या सुना-लेकी यांना बोलवा. सुना-लेकींना त्या दिवसासाठी घरी बदली माणूस मिळाला पाहिजे, नाहीतर त्या येऊ शकणार नाहीत. ती व्यवस्था आम्ही करू. सकाळी बोलू आणि दुपारी एका वाडीत चढून जाऊ, तुम्हीही सोबत या. लावणीच्या आणि गणपतीच्या दिवसांत नको, तेव्हा कोणाला सवड नसते. दसरा झाल्यावर, भातकापणी उरकत आली की, दिवाळीआधीचा कुठलाही दिवस चालेल. पाऊस थांबलेला असतो आणि पाखाडीवरचं शेवाळ वाळलेलं असतं.

आपली,
रत्नागिरी जिल्ह्यातील एका लहान संस्थेची कार्यकर्ती